तिसरे आठ तास

टोरांटोजवळच्या ब्रॅम्पटनमध्ये बेसमेंट भाड्याने शोधताना घरमालक काय काय विचारतात, याची मला आठवडाभरात सवय झाली होती. नोकरी काय, किती जण राहणार, मासे तळणार का, पाहुणे येणार का. लेआबाई झिराडकरांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी दार उघडलं, माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे पाहिलं, आत घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाल्या, "दिवसाचे आठ तास कामाचे, आठ झोपेचे. उरलेल्या आठांत तू काय करतेस?"

मी म्हटलं, "बसमध्ये बसते."

"आठ तास?"

मग मी सगळं सांगितलं. वेअरहाऊस हायवेच्या पलीकडे. दोन बस बदलायच्या, आणि दुसरी जिथे सोडते तिथून पंचेचाळीस मिनिटं चालायचं. फुटपाथ नाही. एका बाजूला ट्रक, दुसऱ्या बाजूला चर. येताना पुन्हा तेच. घरी आल्यावर उद्याचा डबा, कपडे, आणि अंगात जीव उरला तर सांगलीला आईला फोन.

बाईंनी बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "म्हणजे तुझे तिसरे आठ तास कुणीतरी चोरलेत," त्या म्हणाल्या. "खोली खाली आहे. खिडकी लहान आहे, ते आधीच सांगते. आवडली तर रविवारी सामान घेऊन ये. शनिवारी नको, शनिवारी मी काही करत नाही."

हे २०१६ मधलं. मी सामान आणलं ते एक बॅग आणि एक प्रेशर कुकर. बाई तेव्हा पंचाहत्तरीला आलेल्या. उंची पाच फुटांच्या आतली, केस पांढरेशुभ्र आणि आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मूळच्या अलिबागकडच्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. लग्न होऊन सत्तरच्या दशकात टोरांटोला आल्या आणि इथल्या एका हायस्कुलात त्यांनी तीस वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवला. कॅनडातल्या मुलांना अमेरिकेचा इतिहास अलिबागच्या बाईने शिकवायचा, यात काही गंमत आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. "शेजाऱ्याच्या घरात काय चाललंय ते आपल्यालाच जास्त दिसतं," असं त्यांचं म्हणणं.

राष्ट्राध्यक्ष आणि लढाया हे बाईंच्या मते दोन आठवड्यांत उरकायचं प्रकरण. त्यांचा जीव अडकला होता तो पुढच्या काळात. रेल्वे पश्चिमेकडे निघाली, शहरांत कारखान्यांची धुराडी उभी राहिली, आणि साध्यासुध्या माणसांनी अर्ज लिहायला, सभा भरवायला, सह्या गोळा करायला सुरुवात केली, तो काळ. त्यातल्या लोकांबद्दल त्या अशा बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी पुढच्या गल्लीत राहतात. "शिकागोच्या त्या बायका", "कॅन्ससचे ते शेतकरी", "वायोमिंगची ती मंडळी". मला पहिला महिनाभर वाटत होतं की बाईंचे नातेवाईक अमेरिकाभर पसरलेले आहेत.

वायोमिंगवर त्यांचं विशेष प्रेम. तिथे बायकांना मताचा हक्क सगळ्यांच्या आधी मिळाला. का, तर त्या ओसाड मुलुखात बायका फार थोड्या होत्या, आणि मत दिलं तर चार जणी राहायला येतील, असा काहींचा विचार होता. मी म्हटलं, "हे काय कारण झालं, बाई?"

"कारण काय का असेना गो. मत मिळालं ना? कारणं मागाहून सुधारता येतात."

संध्याकाळी मी कामावरून येऊन हातपाय धुतले की वरून झाडूच्या दांड्याचे तीन ठोके पडत. ठक, ठक, ठक. याचा अर्थ तिसरे आठ तास सुरू झाले, वर ये. वर गेलं की चहा आणि इतिहास. कितीही दमलेली असले तरी मी जायची, कारण चहात गवती चहा असायचा, आणि दुसरं असं की दिवसभरात मला नावाने हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं.

चहाला कधी कधी शेजारचे ग्रेवाल अंकल असत. तीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेले. हिवाळ्यात ते बाईंच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून द्यायचे आणि त्याच्या बदल्यात बाई त्यांना इतिहास सांगायच्या. सौदा कुणाला महाग पडला ते मी सांगणार नाही. एकदा बाईंनी त्यांना आपल्या अलिबागी हिंदीत कॅन्ससच्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली. रेल्वे कंपन्या लांबच्या गावाला धान्य न्यायला कमी भाडं घेत आणि जवळच्या गावाला जास्त, कारण जवळच्या गावाला दुसरी रेल्वेच नव्हती. अंकल चहा विसरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बहनजी, ये तो बिल्कुल हमारा माल बाँटनेवाला डिस्पैचर था. उसके दादाजी रेलवे में होंगे."

शनिवारी मात्र ठोके नाहीत. शनिवारी बाई लिहायच्या नाहीत, शिजवायच्या नाहीत, गाडीत बसायच्या नाहीत. "कोकणात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे," त्या अभिमानाने सांगत. "आमच्या लोकांचे तेलाचे घाणे. सगळं गाव काम करायचं तेव्हा आमचा घाणा बंद. अमेरिकेत त्या एका सुट्टीसाठी लोकांनी डोकी फोडून घेतली, आणि आमच्या बैलालासुद्धा ती होती."

पहिला हिवाळा आला. थंडी उणे अठरावर गेली, आणि त्या रस्त्याच्या कडेने चालताना एका ट्रकने उडवलेल्या बर्फाच्या चिखलात मी कमरेपर्यंत न्हाऊन निघाले. माझ्याबरोबर पॅकिंगवरच्या आणखी दोघी होत्या. एकीचा पाय चरात मुरगळला. आम्ही दोघींनी तिला धरून धरून गेटपर्यंत नेलं आणि तिघींचा अर्ध्या तासाचा पगार कापला गेला. संध्याकाळी ठोके पडल्यावर मी वर गेले, आणि चहा घ्यायच्या ऐवजी रडले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाल्या, "बस गेटपर्यंत का जात नाही?"

"कुणी मागितली नसेल."

"मग मागू या."

मी डोळे पुसत विचारलं, "बाई, तुम्ही पूर्वी केलंय का असं काही?"

त्यांनी नळ बंद केला. पाठमोऱ्याच राहिल्या. मी शाळेत नवीन होते, त्या म्हणाल्या. शिक्षकांचा एक अर्ज फिरत होता. एका शिक्षिकेला दिवस गेले म्हणून काढून टाकलं होतं, तिला परत घ्या म्हणून. माझ्यापर्यंत कागद आला. मी म्हटलं, उद्या सही करते. दुसऱ्या दिवशी मी आजारी पडले. "खरी आजारी नाही. समजलं ना? आणि तिसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना सह्यांच्या चळवळीवर धडा दिला. तीस वर्षं दुसऱ्यांचं धैर्य शिकवलं, सुजाता. माझी सही कुठेही नाही."

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला मी निदान थोडी जबाबदार आहे. बाईंनी जेवणाच्या टेबलावर एक भलामोठा कागद पसरला आणि रंगीत पेन्सिलींना टोकं केली. शिकागोच्या त्या बायकांनी हेच केलं होतं. गरीब वस्तीत घरोघर जाऊन विचारलं, कोण राहतं, किती जण एका खोलीत, काम काय, मिळतं किती. मग वस्तीचा नकाशा काढला आणि एकेक घर रंगवलं. असा नकाशा पुढे ठेवला की सरकारला माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही. आपण तसंच करायचं. आपल्या भागातून त्या वेअरहाऊसांकडे किती जण पायी जातात, कुठल्या घरातून, ते दाखवायचं.

चार रविवार आम्ही दोघी दारोदार फिरलो. बाईंच्या अंगात घोट्यापर्यंतचा जांभळा पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, गळ्यात दोरीने बांधलेली पेन्सिल. पहिल्या दोन घरांनी आम्ही वॉटर हीटर विकायला आलोय असं समजून दार लावलं. तिसऱ्या घरात आम्हाला धर्मप्रचारक समजले, पण आत घेऊन पराठे खाऊ घातले. नंतर बाईंनी युक्ती बदलली. दार उघडलं की थेट विचारायचं, "आप काम पे कैसे जाते हो?" या प्रश्नावर बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. लोक बोलत सुटले. खाली बेसमेंटमध्ये सहा जण आहोत, तिघे दिवसपाळीला, चालत. आम्ही चौघी, दोन खोल्यांत, चालत. बाई सगळं लिहून घेत आणि घरी येऊन रंगवत. लाल म्हणजे चालत, निळा म्हणजे कुणाच्या तरी गाडीतून, आणि घराच्या चौकोनात माणसांचा आकडा.

नकाशा झाला तेव्हा खरंच सुंदर दिसत होता. आमच्या गल्ल्या नुसत्या लालेलाल. बाईंनी तो भिंतीला लावला आणि नवस बोलल्या. गेटपर्यंत बस आली की मलिदा करीन. त्यांच्यात मनासारखं काही झालं की पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वेलचीचा मलिदा करतात, ताटात फळं मांडतात आणि एलियाहू नबीची प्रार्थना म्हणतात. हा नबी अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि जाताना अलिबागजवळ टेकला होता, तिथल्या खडकावर रथाच्या चाकांच्या खुणा आहेत, असं त्यांच्यात मानतात. "रथाने फिरणारा आहे तो," बाई म्हणाल्या. "वाहतुकीचा प्रश्न त्याला पटकन कळेल."

त्याच संध्याकाळी ग्रेवाल अंकल आले. चष्मा लावून त्यांनी नकाशा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहिला. स्वतःचं घर शोधलं. त्यांच्याही तळघरात पाच जण होते. मग चष्मा काढून म्हणाले, "बहनजी, बहुत बढ़िया. बाय-लॉ वालों को इससे अच्छा गिफ्ट आज तक किसी ने नहीं दिया."

बाईंना कळेना. मला कळलं. आमच्या भागातली निम्मी बेसमेंटं सिटीकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, नोंदवलेलीच नव्हती. कुणाची खिडकी लहान, कुणाला दुसरं दार नाही. आम्ही घर नंबर टाकून, माणसांची संख्या लिहून, रंगवून, सगळ्यांची यादी तयार केली होती. सिटीपुढे हा कागद ठेवला असता तर बस आली असती की नाही कोण जाणे, इन्स्पेक्टर मात्र नक्की आला असता, आणि त्या बसने जायला त्या गल्ल्यांत माणूस उरला नसता. माझीही खोली नोंदवलेली नव्हती. बाईंच्या नवऱ्याने हयातीत ती बांधली, कागदपत्रं पुढे करू म्हणाला आणि गेला.

दोन दिवस ठोके पडले नाहीत. वर बाई चालताहेत एवढं मला ऐकू यायचं, खिडकीपासून टेबलापर्यंत आणि परत. तिसऱ्या दिवशी ठोके पडले. मी वर गेले तर बाई कात्री घेऊन बसल्या होत्या.

"अमेरिकेच्या पश्चिमेचा नकाशा मी वर्गात पहिल्या दिवशी लावायची," त्या म्हणाल्या. "कोरा. सरकारने चौकोन आखून वाटलेल्या जमिनींचा. मुलांना विचारायची, या कोऱ्या जागेत आधी कोण राहत होतं सांगा. मला वाटायचं, केवढा हुशार प्रश्न. पण शिकागोच्या रंगवलेल्या घरांबद्दल मी कधी विचारलं नाही की तुमचं घर असं टांगू का, हे त्या लोकांना कुणी विचारलं होतं का. आणि आता मीही नाही विचारलं."

मग त्यांनी नकाशातलं एकेक घर कापून काढलं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा दारोदार गेलो, आणि ज्याचा त्याला चौकोन परत दिला. "हे तुमचं आहे," बाई म्हणत, "मी चुकले." लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पराठेवाल्यांनी चौकोन फ्रीजवर मॅग्नेटने लावला.

उरला तो भोकाभोकांचा कागद. फक्त एक घर बाईंनी कापलं नाही. ते आमचं होतं.

बाईंची व्हिटबीला राहणारी मुलगी नेओमी सिटी हॉलच्या सभेआधीच्या आठवड्यात रोज फोन करायची. बाई फोन स्पीकरवर ठेवून कांदा चिरायच्या. "मॉम, यू कान्ट स्टँड अप इन फ्रंट ऑफ द सिटी अँड टेल देम यू हॅव अॅन इल्लीगल बेसमेंट! दे विल फाइन यू. अँड व्हेअर विल सुजाता गो?"

"तिला विचारलंय मी," बाई मराठीत म्हणाल्या. "या वेळी विचारलंय."

विचारलं होतं. मी लगेच हो म्हटलं नव्हतं, हे सांगायला हवं. एक रात्र मागून घेतली होती.

सिटी हॉलच्या त्या सभेत प्रत्येकाला पाच मिनिटं. आमच्या आधी एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कुत्र्यावर बोलले. मग बाईंचं नाव पुकारलं. त्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या राहिल्या. वर्गात तीस वर्षं उभी राहिलेली बाई घाबरली होती. मी कागद उलगडून वर धरला. भोकांतून पलीकडचे दिवे दिसत होते.

बाईंनी पंचेचाळीस मिनिटांचा तो रस्ता सांगितला. चर, ट्रक, मुरगळलेला पाय, कापलेला पगार. शेवटी म्हणाल्या, अशी पुष्कळ माणसं आहेत आणि मी त्यांच्यातल्या एकीची साक्ष आणली आहे.

टेबलामागच्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, व्हॉट आर ऑल दीज होल्स?"

"दोज आर द पीपल हू ट्रस्टेड मी, सर."

"अँड द वन हाऊस?"

"दॅट इज माइन. शी लिव्ह्ज इन माय बेसमेंट."

ते गृहस्थ पुढे झुकले. "इज युअर बेसमेंट रजिस्टर्ड, मॅडम?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नो, सर, इट इज नॉट," त्या म्हणाल्या, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. "नाऊ, अबाउट द बस."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. ते ग्रेवाल अंकल होते. सभेच्या नोंदीत सही करायची होती, ती बाईंनी फार सावकाश केली, पूर्ण नाव लिहून. नंतर गाडीत बसल्यावर पेन त्यांच्या हातातच राहिलेलं आढळलं, म्हणून अंकलना परत आत जाऊन ते देऊन यावं लागलं.

इन्स्पेक्टर दोन आठवड्यांत आला. पोरसवदा, सभ्य. बाईंनी त्याला गवती चहा पाजला आणि उरलेल्या आठ तासांत तो काय करतो ते विचारलं. ओव्हरटाइम, तो म्हणाला. मग त्याने नोटीस दिली. दंड, मोठी खिडकी, दुसरं दार, आणि तोपर्यंत खाली कुणी राहायचं नाही. मी बाईंच्या पुस्तकांच्या खोलीत वर राहायला आले. भिंत कापून खिडकी मोठी केली त्या दिवशी आम्ही खाली जाऊन पाहिलं. माझा पलंग होता त्या जागेवर पहिल्यांदाच ऊन पडलं होतं. "बघ," बाई म्हणाल्या, "हे मला वीस वर्षांपूर्वी करता आलं असतं. मी तुझ्याकडून अंधाराचं भाडं घेत होते." त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

बस पुढच्या शरद ऋतूत आली. सहा महिन्यांच्या बोलीवर, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन फेऱ्या. गेटजवळ एक नुसता खांब आणि त्यावर पाटी. ती फेरी पुढे चालू राहिली आणि अजून आहे. बाई त्यानंतर वर्षभराने घर विकून नेओमीकडे गेल्या, आणि तिथेच एका शनिवारी, काहीही काम न करता, झोपेत गेल्या. व्हिटबीला मी त्यांना भेटायला जात असे, पण मनात राहिलंय ते बसच्या पहिल्या सकाळचं.

बाईंना त्या बसने कुठेच जायचं नव्हतं. तरी माझ्याआधी स्टॉपवर हजर, जांभळा पार्का घालून, हातात मलिद्याचा मोठा डबा. प्रार्थना पहाटेच झाली होती. बसमध्ये आम्ही अठरा-वीस जणी होतो. बाई सीटचे दांडे धरत धरत प्रत्येकीच्या कागदी वाटीत मलिदा घालत होत्या, आणि ड्रायव्हर दर मिनिटाला ओरडत होता, "मॅम, प्लीज सिट डाऊन!" जिथे आम्ही रोज उतरून चालायला लागायचो तो कोपरा आला. बस थांबली नाही. खिडकीबाहेरून तो चर, तो रस्ता मागे जात होता, आणि ज्या मुलीचा पाय मुरगळला होता ती वाटी हातात धरून नुसती बाहेर बघत होती. सात मिनिटांत आम्ही गेटशी होतो.

बस थांबल्यावर ड्रायव्हरनेही मलिदा खाल्ला. आम्ही उतरलो. बाई परतीच्या बसमध्ये एकट्याच राहिल्या, खिडकीपाशी, रिकामा डबा मांडीवर. ड्यूटीला अजून चाळीस मिनिटं होती. काय करायचं ते मला सुचेना. नुसती उभी राहिले.

बस निघाली तेव्हा बाईंनी हात उचलला आणि बोटाच्या पेराने काचेवर ठोके दिले. तीन. बंद काचेतून आवाज यायचा प्रश्नच नव्हता. मी गेटच्या कट्ट्यावर बसले आणि सांगलीला आईला फोन लावला.